रत्नाच्या कामाचा ठराव

भगवानआप्पांना शिंकायचं झालं तरी सूचक आणि अनुमोदक लागायचा. तलवाड्याजवळच्या एका खेड्यातल्या दूध संस्थेचे ते चेअरमन आणि मी सेक्रेटरी. चहात साखर जास्त पडली की कपबशी खाली ठेवून म्हणायचे, "सेक्रटरी, मांडा ठराव!" नाही मांडला तर रुसायचे.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. दुधाच्या किटल्या पालथ्या पडलेल्या. संस्थेनं दारातच जनावरांची छावणी काढली होती. दूध नव्हतं, पण बैठक दर सोमवारी व्हायचीच. विषय एकच उरला होता, आप्पांची रत्ना.

रत्ना त्यांची एकुलती एक लेक. आई तिच्या लहानपणीच गेली. रत्ना पुण्याला शिकायला गेली, तिथून एका नाटक मंडळीबरोबर इंग्लंडला, आणि तिकडेच राहिली. नाटकात, सिनेमात कामं करायची. तिची पत्रं आप्पांना वाचून दाखवणं माझ्या नोकरीत कुठं लिहिलेलं नव्हतं, पण दाखवायचो.

एका पत्रात होतं, "आप्पा, मला नर्सचं काम मिळालं."

आप्पा खूश. "सरकारी दवाखान्यात का?"

"नाटकात, आप्पा."

"नाटक सांजच्याला असतंय. दिवसा काय रिकामी बसती का? मांडा अभिनंदनाचा ठराव!"

मांडला. सर्वानुमते मंजूर झाला. गावातल्या तिघी जणी आपली दुखणी पत्रातून रत्नाला विचारा म्हणून माझ्याकडे सांगून गेल्या.

चार महिन्यांनी तिचं पत्र आलं, सिनेमात न्यायाधीशाचं काम मिळालंय. आप्पा चक्रावले. "नर्सची डायरेक जज्ज? मधी वकिली न्हाई, काई न्हाई?" मग स्वतःच स्वतःची समजूत घातली, "लई हुशार हाय पोरगी." ठराव झाला. दुसऱ्या दिवशी बांधावरून भांडणारे दोन भाऊ आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले. सगळ्यांना समजावून सांगता सांगता माझाच इतका गोंधळ उडाला, की रत्ना नक्की काय करते हे मी घरी जाऊन बायकोला विचारलं.

पुढच्या पत्रात तिनं लिहिलं, "आप्पा, खुनी बाईचं काम मिळालंय. आजवरचं सगळ्यात मोठं काम आहे."

आप्पांनी त्या सोमवारची बैठक तहकूब केली. आठ दिवस लोकांची नजर चुकवत छावणीतल्या गुरांना पाणी पाजत राहिले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "सेक्रटरी, तिला कोनी जबरदस्तीनं तर न्हाई लावलं ह्या कामाला?"

मी खोट्या सुऱ्यापासून सुरुवात केली. खोटं रक्त, खोटं मरण, सगळं सांगितलं.

"मंग त्यो मेलेला मानूस?"

"नाटक संपलं की उठतो आणि घरी जातो."

"बरं हाय," आप्पा म्हणाले. "त्याची आई वाट बघत आसंल."

एवढं बोलून ते पुन्हा बादली घेऊन गेले. त्यांना नाटक कळलं की नाही, हे मला काही कळलं नाही.

त्यानंतर पत्रं कमी झाली. बऱ्याच दिवसांनी एक आलं, चारच ओळींचं. "आप्पा, सध्या काम नाही. बघू." ते वाचून दाखवू नये असं मला फार वाटलं. पण आप्पा समोर बसलेले. वाचलं.

सोमवारी बैठकीला आम्ही दोघंच होतो. बाकीचे सभासद चाऱ्याच्या गाडीमागे गेले होते.

"सेक्रटरी, मांडा ठराव. रत्नाला हितं काम द्या."

मी जरा चिडलोच. "आप्पा, थेंबभर दूध नाही संस्थेत. कसलं काम लिहू?"

मला वाटलं, छावणीत पाणी पाजायचं म्हणतील. ते पालथ्या किटल्यांकडे बघत बसले.

"लेकीचं," ते म्हणाले. "लेकीचं काम लिहा. लई दिवसांची जागा रिकामी हाय."

खाली मान घालून मी लिहीत राहिलो. सूचक, भगवानआप्पा. अनुमोदकाची जागा कोरी होती. सेक्रेटरीला मत नसतं, तो नियम मला पाठ होता. तिथं मी माझं नाव लिहिलं, आणि ठरावाची नक्कल त्याच दिवशीच्या टपालानं इंग्लंडला पाठवली.