दिव्यांचे सुतक

पुढचे दोन दिवे बदलले त्याच संध्याकाळी त्र्यंबकराव सरपोतदारांच्या गाडीला सुतक लागले.

जुने पिवळे बल्ब काढून त्यांच्या जागी बाजारातले पांढरेशुभ्र एलईडी बसवले होते. चावी फिरवताच समोरच्या पट्टीवर तांबडी अक्षरे उमटली : ‘पुढील दोन्ही दिवे मृत.’ रेडिओने चालू गाणे मध्येच सोडले आणि खरखरत राहिला. हॉर्नचा आवाज बसला. उजवीकडे वळण्याचा दिवा, घरात वाईट बातमी आल्यावर माणसे आतबाहेर करतात तसा, घाईघाईने मिचकू लागला. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचे देऊळ आहे. तिथे पोचताच गाडी आपणहून बंद पडली आणि मागे ढकलल्यावरच पुन्हा सुरू झाली.

त्र्यंबकराव धर्म जाणणारे गृहस्थ होते. सुतकातल्याने देवळाच्या दारी जाऊ नये हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. त्यामुळे गाडीचे वागणे त्यांना विचित्र वाटले नाही. अवेळी मात्र वाटले.

कारण चैत्री पौर्णिमा जवळ आली होती. त्या दिवशी कारवडे गावची थोरली देवी आपल्या धाकट्या बहिणीला, निवेलीच्या देवीला, शिवेवर भेटते. दोघींचे रुप्याचे मुखवटे समोरासमोर धरतात. दृष्टीला दृष्टी मिळाली की भेट झाली, आणि भेट झाली की दोन्ही गावांचे वर्ष सुरू होते. तोवर कोणी नांगर धरीत नाही, कोणाच्या घरी साखरपुडा होत नाही. थोरलीला देवळातून शिवेवर न्यायचा आणि भेटीच्या वेळी तिचा मुखवटा हाती धरायचा मान सरपोतदारांचा. डांबरी रस्ता झाल्यापासून थोरली गाडीतून जाते. त्र्यंबकरावांची गाडी महाद्वारापर्यंत गेली नाही तर मान चुलतभावाकडे, मोरेश्वराकडे जाणार, आणि एकदा गेलेला मान त्या गावात परत आल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. मोरेश्वराची जीप बाराही महिने धुतलेली असे.

दिवे बदलण्याचे कारणही तेच. गेल्या वर्षी कोणीतरी म्हणाले होते की जीपचे दिवे जास्त लांबून दिसतात. त्र्यंबकरावांनी देवस्थान समितीला सांगितले, “देवीच्या सेवेत उणे राहू नये.” तोंडात देवी होती, मनात जीप होती. माणसाचे तोंड आणि मन यांच्यात इतके अंतर असतेच. ते रोज थोडे वाढते, एवढेच.

नंदू गवंडे गाड्यांची वायरिंग करीत असे. दिवे त्यानेच बसवले होते, म्हणून त्यालाच बोलावले. त्याने पिन उलटसुलट लावून पाहिली, अर्थिंगची तार घासून पुन्हा आवळली, फ्यूज बदलला, रिले बदलला. प्रत्येक खेपेला गाडीने तीच बातमी दिली.

“दिवे चांगले आहेत काका,” नंदू हात पुसत म्हणाला. “गाडी त्यांना मानत नाही.”

“मानत नाही म्हणजे काय?”

“जुने बल्ब भरपूर करंट खायचे. बॅटरीला त्यांचा भार कळायचा. हे दोघं खातात चिमणीएवढं. गाडी पंगतीवरून नजर फिरवते, म्हणते दोन पानं रिकामी. म्हणजे दोघं गेले.”

“अरे, पण ढळढळीत उजेड पडलाय की समोर.”

“उजेड तुम्हाला दिसतो. गाडी उजेड बघत नाही, खाणं बघते.”

त्र्यंबकरावांचा जन्म सरकारी कचेरीत गेला होता. त्यांना याहून अधिक समजावून सांगावे लागले नाही.

“मग उपाय?”

“रेझिस्टर. हा बघा.” नंदूने खिशातून एक सोनेरी ठोकळा काढला. “हा दिव्याच्या शेजारी बसवायचा. नुसता बसतो, करंट खातो नि तापतो. गाडीला वाटतं, पंगत भरली.”

“उजेड देतो?”

“छे हो. काहीच देत नाही.”

“आणि असला चालतो?”

“सगळीकडे चालतो, काका. पण आत्ता लावून उपयोग नाही. सुतकातल्या घरात पाहुणा नेऊन बसवला तर कोण वाढणार त्याला? आधी सुतक फिटू दे. जुने बल्ब कुठं टाकलेत?”

“भंगारवाल्याला दिले.”

 नंदूने ठोकळा परत खिशात टाकला.

घैसास गुरुजींना पाचारण झाले. त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, बॉनेट उघडायला लावले आणि निर्णय दिला. एका बॅटरीवर पोसलेले सगळे सगोत्र. म्हणून हॉर्न, रेडिओ, वायपर आणि चारही कोपऱ्यांचे दिवे यांना पूर्ण सुतक. टायर बाहेरून आलेले, सोयऱ्यांत मोडतात. त्यांनी स्नान केले की पुरे.

“आणि मी?” त्र्यंबकरावांनी विचारले.

“तुम्हाला काही नाही. मालक गाडीच्या कुळातला नव्हे.”

“म्हणजे मी देवळात जाऊ शकतो.”

“खुशाल. चालत.”

हिशेब मांडला तेव्हा दहावा नेमका पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येत होता. दहाव्याला कावळा शिवला तर सुतक फिटेल आणि दुसऱ्या दिवशी गाडी महाद्वारात उभी राहील. कावळा अडला तर मानही अडला.

मधल्या काळात मोरेश्वर भेटायला आला. पांढरी टोपी घालून आला, चपला फाटकाबाहेर काढल्या आणि गाडीसमोर खुर्ची घेऊन बराच वेळ खाली मान घालून बसला.

“वाईट झालं, दादा,” तो म्हणाला. “वय काय होतं?”

“गाडीबरोबरचेच.”

“म्हणजे लहानच म्हणायचे. आजारी होते?”

“मीच काढले.”

“असं म्हणू नये. ज्याची त्याची वेळ असते.” मोरेश्वराने चहा नाकारला, कारण सुतकातल्या दारी चहा घेत नाहीत. निघताना त्याने बॉनेटवर हात ठेवला. “सावर स्वतःला,” तो गाडीला म्हणाला, आणि मग भावाकडे वळला. “यंदा तू दगदग करू नकोस. थोरलीला मी नेतो. जीप काय, उभीच असते.”

“दहावा व्हायचाय अजून,” त्र्यंबकराव म्हणाले.

“होऊ दे की. मी कुठं घाई करतोय?” मोरेश्वर म्हणाला. फाटकाबाहेर जाताच त्याने टोपी काढून घडी केली.

दहाव्याला गाडी मारुतीला टाळून मागच्या वाटेने नदीवर नेली. भंगारवाल्याकडून जुने बल्ब परत आणले होते. एकाची काच तडकली होती. गाडीला आचमन करता येत नाही, म्हणून तिने पुढच्या काचेवर पाणी उडवून घेतले ते गुरुजींनी आचमन धरले. पिंड मांडले. बल्ब शेजारी ठेवले. सगळे मागे सरले.

समोरच्या उंबरावर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना.

“काही इच्छा राहिली असेल,” गुरुजी म्हणाले. “शब्द द्या.”

त्र्यंबकरावांनी हात जोडले. “काचा रोज पुसल्या जातील.” कावळे ढिम्म. “गाडी विकणार नाही.” एक कावळा उडाला, तो दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. “नव्या दिव्यांना तुमची आठवण करून देत जाईन.” तो कावळाही पाठमोरा झाला.

इंदुमतीबाई, त्र्यंबकरावांच्या पत्नी, इतका वेळ पदर खोचून उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या गाडीत डाव्या बाजूला बसत आल्या होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “ते होते तेव्हा समोरून कोणी आलं की खाली बघायचे. तुम्ही दांडी ओढायचात नि ते खाली बघायचे. या नव्यांना तुम्ही वरच लावून ठेवलंय. परवा पोस्टाचा सायकलवाला गटारात गेला. म्हणा, समोरच्यासाठी खाली करीन.”

उंबरावरचे सगळे कावळे एकदम या बाजूला वळले.

 खाली बघणारा दिवा लांबून दिसत नाही. “अगं इंदू,” त्र्यंबकराव हळू म्हणाले, “मग ते बसवले कशाला?”

 तो प्रश्न इंदुमतीबाईंचा आधीच विचारून झाला होता.

ऊन चढले. त्र्यंबकरावांनी गुरुजींकडे पाहिले. “शास्त्रात दुसरी काही सोय?”

“आहे. दर्भाचा कावळा करून शिववता येतो.” गुरुजींनी पंच्याने कपाळ टिपले. “सोय आहे म्हणून सांगतो. करा म्हणून सांगत नाही.”

दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला. सुतक फिटले. खरे कावळे उडून गेले.

दुपारी नंदूने दोन्ही दिव्यांशेजारी एकेक ठोकळा बसवला. तांबडी अक्षरे विझली. रेडिओ गाऊ लागला. गाडीची खात्री पटली की दोघेही घरात आहेत आणि पोटभर जेवताहेत.

“एक सांगून ठेवतो,” नंदू म्हणाला. “आता हिला वाटतंय दोघं भरपूर खातात. तेव्हा ही त्यांना वाढतच राहणार. बटण बंद केलं तरी पेटलेले राहतील. दांडी खाली केली तरी ऐकतीलसं वाटत नाही. घरच्या म्हाताऱ्यांना कोणी ताटावरून उठवतं का?”

“राहू देत पेटलेले,” त्र्यंबकराव म्हणाले. त्यांना बरेच वाटले.

पौर्णिमेला गाडी मारुतीसमोरून न अडता गेली आणि महाद्वारात उभी राहिली. रेशमी सोवळे नेसून, खांद्यावर उपरणे घेऊन त्र्यंबकरावांनी थोरलीला मागच्या आसनावर बसवले. मोरेश्वर जीप घेऊन मागोमाग निघाला. तिन्हीसांजेला सगळे शिवेवर पोचले. तिथे रस्ता अरुंद आहे. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढा. वळणावरून ढोल ऐकू आला आणि धाकटीची पालखी पुढे आली. ती अजून माणसांच्या खांद्यावरून येते.

पांढरा झोत तिच्यावर पडला.

भोई जागच्या जागी थांबले. एकाने डोळ्यांवर हात घेतला, तशी पालखी कलली. ती तशीच खाली टेकवली. धाकटीच्या रुप्याच्या पापण्या मिटल्या.

निवेलीचे पुजारी वाकून मुखवट्याजवळ गेले आणि परत उभे राहिले. “बाई बघत नाहीत,” ते म्हणाले. “दिवे खाली करा.”

त्र्यंबकरावांनी दांडी ओढली. झोत हलला नाही. त्यांनी बटण बंद केले. चावी काढून घेतली. दिवे जेवत होते.

“खाली करा म्हटलं ना सरपोतदार.”

“होत नाहीत.”

“मग भेट होत नाही,” पुजारी म्हणाले आणि भोयांना म्हणाले, “उचला रे. परत जाऊ.”

मोरेश्वर खिडकीशी आला. “दादा, थोरलीला जीपमध्ये घेऊ? माझे होतात खाली.”

दोन गावांचे वर्ष त्या रस्त्यावर अडून राहिले होते. कोणाच्या पेरण्या, कोणाच्या मुलींची लग्ने. त्र्यंबकरावांना ते कळत होते. त्याहून जास्त जीप कळत होती, आणि ते बसून राहिले.

इंदुमतीबाई उतरल्या. गाडीपुढे जाऊन त्यांनी पदर दुमडून दुमडून डाव्या दिव्यावर घट्ट धरला.

धाकटीचा एक डोळा उघडला.

तो डोळा त्र्यंबकरावांकडे पाहत होता. त्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोसला असता. ते उतरले, मागचे दार उघडले आणि थोरलीचा मुखवटा दोन्ही हातांत घेतला. उजवा दिवा झाकायला माणूस हवा होता आणि मुखवटा धरायलाही माणूस हवा होता.

“धर,” ते मोरेश्वराला म्हणाले.

“मी?”

“तूच. माझे हात रिकामे नाहीत.”

त्यांनी उपरणे काढले, त्याच्या घड्या केल्या, आणि आपल्या गाडीसमोर गुडघे टेकून उजव्या दिव्यावर ते दाबून धरले. कापडामागून ठोकळ्याची ऊब हाताला लागत होती. पाठीमागे ढोल वाढला. घंटा वाजली. गुलाल उडाला, त्यातला थोडा त्यांच्या मानेवर पडला. दृष्टीला दृष्टी मिळाली तेव्हा त्यांच्या दृष्टीपुढे त्यांच्या गाडीचा नंबर होता.

“झाली का गं भेट?” त्यांनी विचारले.

“झाली असावी,” शेजारून इंदुमतीबाई म्हणाल्या. त्याही गाडीकडेच तोंड करून होत्या. “लोक रडताहेत.”

त्या वर्षी पीकपाणी बरे झाले. समितीने बैठक घेऊन ठरवले की भेटीत दिवे झाकणे हीच मुख्य सेवा असून मुखवटा धरणे तिच्या खालचे आहे. मोरेश्वराने ते ऐकले आणि डाव्या दिव्यावर हक्क सांगितला. इंदुमतीबाईंनी कळवले की तो मान त्यांचा आहे आणि त्या तो सोडणार नाहीत. प्रकरण समितीपुढे आहे. दरम्यान निवेलीकरांनीही धाकटीसाठी गाडी घेतली असून तिला नंदूकडून तसेच दिवे बसवून घेतले आहेत. दोन मानकरी त्यांनाही लागणार आहेत. दिवे काढून टाकावेत असे अजून कोणी सुचवलेले नाही. काढले तर झाकायचे काय, हा प्रश्न उरतो.