दहा दारांवरचे नंबर

"दोन दिवसांत सगळं पाठ नाही झालं, तर वायरमन म्हणवून घेणार नाही!" वायरमनने छातीठोकपणे सांगितलं. वहिनी नुसती हसली.

वहिनी शाळेत इंग्रजी शिकवायची. वायरमनला एका मोठ्या कारखान्यात कायमची नोकरी मिळू घातली होती. मुलाखतीत आपल्या वस्तीबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं आणि मग कारखान्याचा माणूस घरी येऊन शेजाऱ्यांकडे चौकशी करणार! शेजाऱ्यांची त्याला काळजी नव्हती, इंग्रजीने मात्र तोंडचं पाणी पळवलं होतं. म्हणून वहिनीने वस्तीबद्दल बोलताना हमखास लागणाऱ्या दहा शब्दजोड्या लिहून दिल्या. 'क्लोज-निट कम्युनिटी' म्हणजे घट्ट विणीची, एकमेकांना धरून राहणारी वस्ती. 'पिलर ऑफ द कम्युनिटी' म्हणजे वस्तीचा आधारस्तंभ. असं दहापर्यंत.

"नुसतं घोकू नका, भाऊजी. शब्दाला माणूस जोडा!"

जोडाजोडी हा तर त्याचा धंदाच! कुठलाही बोर्ड उघडला की आधी प्रत्येक वायरला नंबराची चिठ्ठी लावायची, ही त्याची जुनी शिस्त. सोमवारी दुपारी इमारतीतल्या त्याच्या मजल्यावर सामसूम होती. त्याने दारादाराला टेपने नंबर चिकटवले. चष्मेवाले आजोबा आधारस्तंभ, म्हणून एक नंबर. न्हावी मदतीला धावणारा, म्हणून दोन. भरपूर पोरं असलेल्या ड्रायव्हरच्या दारावर 'ग्रोइंग कम्युनिटी', म्हणजे वाढत्या वस्तीचा, नंबर सात. पाठ झालेल्याला हिरवी टेप, न झालेल्याला लाल. स्वतःच्या दारालाही एक नंबर दिला. अकरा दारांपैकी शिवणवाल्या मावशींचं दार तेवढं राहिलं. कोणत्या नंबराचा अर्थ काय, ते फक्त त्याच्या खिशातल्या वहीत होतं.

मंगळवारी सकाळी तो उजळणीला निघाला. प्रत्येक दारासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे, टेपवर बोट ठेवायचं आणि पुटपुटायचं. तीन दारं झाली आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रेडिओ नाही, भांडी नाहीत, ड्रायव्हरची पोरंसुद्धा गप्प! असा शुकशुकाट त्याने या मजल्यावर कधी अनुभवला नव्हता. त्याने डोळे उघडले. समोरच्या दारातलं बाहेर डोकावायचं भिंग, कुणीतरी आतून झाकल्यासारखं, काळं झालं. मग शेजारचं. मग त्याच्या पलीकडचं. तो पुढे सरकेल तसं एकेक भिंग काळं होत होतं आणि दारामागून कुणीतरी श्वास रोखल्याचं कळत होतं. वायरमनच्या अंगावर सरसरून काटा आला. तो धूम ठोकून घरात शिरला आणि त्याने दोन्ही कड्या लावल्या!

दुपारी न्हाव्याने त्याला बोलावलं. दार बोटभर उघडलं होतं.

"पाहिलंस? नंबर!" न्हावी कुजबुजला. "एक नंबरवाले आजोबा सकाळपासून गायब आहेत. दाराला कुलूप! दुसरा नंबर माझा. आणि आज माझ्या घरातला दिवा आपोआप मंद होतोय."

"आजोबा मुलीकडे गेले असतील हो."

"न सांगता? आणि लाल टेप म्हणजे काय, सांग बरं! कुणीतरी दारासमोर येऊन मंत्र पुटपुटतं, भिंगातून बघायची छाती नाही झाली, पण माझ्या बायकोने कानाने ऐकलंय!"

वायरमनला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं! पण मग चौकशीला आलेल्या माणसाला हे काय सांगणार? 'दारांवर चिठ्ठ्या लावून पुटपुटतो'? नोकरी गेलीच म्हणायची! त्याने गुपचूप दिवा तपासला. दिव्यात कणभर दोष नव्हता, तरी तो मंद होत होता. विजेचा दाबच कमीजास्त होत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

"नंबर नाही तो एकाच दाराला," न्हावी म्हणाला. "तूच विचार कर."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी विचार केला. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका खोलीत जमली, एकमेकांना चहा देऊ लागली. मावशींकडे शिवायला टाकलेले कपडे परत आणले गेले. ड्रायव्हरने तर एकच बाही लावलेला शर्ट आणला आणि तसाच घातला! मावशींनी जागा सोडावी असं एकमताने ठरलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. वायरमनचीही झाली. घट्ट विणीची वस्ती म्हणजे काय, ते त्याला पहिल्यांदाच नीट कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

बुधवारी मुलाखतीत तो धडाधड बोलला. साहेब खूश! "अशी वस्ती मिळायला भाग्य लागतं," असंही म्हणाले.

गुरुवारी दुपारी चौकशीचा माणूस आला. वायरमन आपल्या दाराला कान लावून उभा राहिला. पहिली घंटा वाजली. कुणी उघडलं नाही. दुसरी, तिसरी, पाचवी. दारामागे पावलं यायची, थांबायची आणि दार बंदच राहायचं. शेवटी एकच कडी निघाल्याचा आवाज आला, मावशींची.

वायरमनने डोळे मिटून घेतले. आता मावशी म्हणतील ते खरं!

"वायरमन? गुणी मुलगा," मावशी म्हणाल्या. "कुणाच्याही घरी अंधार झाला की धावतो. बिनधास्त घ्या कामावर."

माणूस गेला तसा वायरमन बाहेर आला आणि दारांवरचे नंबर टराटरा ओढत सुटला. "मी लावले होते! इंग्रजी पाठ करायला! मावशींचा काही संबंध नाही!" तो घसा फोडून ओरडला. एकही दार उघडलं नाही. भिंगं तेवढी काळी झाली.

"ओरडू नकोस," मावशी दारातून म्हणाल्या. "सोमवारीच खिडकीतून पाहिलं होतं मी तुला. म्हटलं, आपणहून सांगेल."

वायरमनने ओढून काढलेल्या टेपा मुठीत चुरगाळल्या.

"एक सांग. सगळ्यांना नंबर, मग मलाच का नाही रे?"

वहिनीच्या यादीत सगळे शब्द चारचौघांचे होते. एकट्या राहणाऱ्या बाईला लावावा असा एकही नव्हता. हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?

"टेप संपली होती, मावशी."

मावशींनी त्याच्या कमरेकडे पाहिलं. पट्ट्याला लाल टेपची आख्खी गुंडाळी लटकत होती.

"असं होय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.