रखमाजी आबांचा तुर्की बीपी

"आळेफाट्यावर असा फ्लेक्स झळकावतो, की सावळेरामाची बोलतीच बंद!" रखमाजी आबांनी राजुरीच्या पारावर जाहीर करून टाकलं. आबांची नात आरती तुर्कस्तानात डॉक्टरकी शिकत होती, आणि शेजारचा सावळेराम गावभर सांगत सुटला होता, "ती कसली शिकतीय! फिरायला गेलीय, फिरायला!"

आबांच्या अंगाची लाही झाली. आरतीनं फोनवर पाठवलेलं वहीचं पानच त्यांनी पुरावा म्हणून छापायला दिलं. मधोमध हृदयाचं चित्र, खाली तुर्की भाषेत 'दियास्तोल', 'गेवशेमे' आणि बरंच काही. आता फ्लेक्स म्हटला की लावणाऱ्याचा फोटो मोठा, हा तर रिवाजच! तेव्हा हृदयाच्या वर हात जोडलेले भलेमोठे आबा, आणि आरती कोपऱ्यात, तिकिटाएवढी.

सकाळी फ्लेक्स लागला. दुपारपर्यंत अंगणात पंधरा माणसं! ज्याच्या त्याच्या हातात केळी, नाहीतर बिस्किटाचा पुडा.

"आबा, कवा झालं वो हे?" संपतनं हळूच विचारलं.

"काय कवा?"

"हार्टचं! फाट्यावर रिपोर्टच लावलाय की. परदेशी डॉक्टरचा!"

"आरं, मला कायबी न्हाई झालं!"

"घरच्यांनी सांगितलं न्हाई वाटतं त्यांला," संपत बाकीच्यांना कुजबुजला.

आबा भडकले, तसं चौघांनी त्यांना धरून खाटेवर आडवं केलं. तेवढ्यात सावळेराम डोळे पुसत आला. "रखमाजी, बांधाचं भांडण मिटलं बघ. घे तो हातभर बांध तुला!"

यावर आबा जरासे कण्हले. खोटं कशाला सांगा!

नेमकी त्याच वेळी आरती सुट्टीसाठी दारात उतरली. गर्दी अन् खाटेवर आडवे आबा पाहून ती धावतच आत आली. बॅग टाकून तिनं बीपीचं मशीन काढलं.

"वरचा दीडशे, खालचा शंभर!"

"खालचा म्हंजी?" सावळेराम घाबरला.

"हृदय आवळतं अन् मग सैल पडतं, काका. त्या सैल पडण्याला तुर्कीत गेवशेमे म्हणतात. तो टप्पा म्हणजे दियास्तोल, आणि तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. आबांचा तोच वाढलाय. सगळ्या गावाशी ईर्षा लावल्यावर दुसरं काय होणार?"

सावळेराम आ वासून ऐकत राहिला. "लई शिकली की राव पोरगी! खरीच डॉक्टर हाय!"

झालं! आबा ताडकन उठून बसले. "आयकलं का समद्यांनी? तुमचा बीपी गावठी! माझा माझ्या नातीनं तुर्कीत काढलाय!"

"आबा, गप झोपा! पुन्हा मोजते."

अभिमानानं खालचा आकडा एकशे दहावर गेला होता.