पान एकशे एकसष्ट ते एकशे अडुसष्ट

रायाजी गड चढून महादरवाजापाशी आला, आणि दरवाजात धाकू उभा होता. हातात जेवणाचा डबा, अंगात मळकट बुशशर्ट, खिशाला युनियनचा बिल्ला. गडावर सातचा भोंगा झाला.

सहदेव परबने पुस्तक मिटलं. नव्या पुस्तकाचा वास घेतला. पुन्हा उघडलं. धाकू तिथेच होता. पान एकशे एकसष्ट.

"सुगंधा," तो बायकोला म्हणाला, "वाट लागली."

"कुणाची?" मोरीतून आवाज आला.

"रायाजीची."

"तो तीनशे वर्षांपूर्वीचा. त्याची कधीच लागलीय. तुम्ही आधी पाणी भरा, नळ जाईल."

सहदेवने पाणी भरलं. बोरीवलीत नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून असलेल्या चाळीत कादंबरीकारालाही पाणी भरावंच लागतं. शिवाय तो सातवी नापास कादंबरीकार होता आणि अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लॅस्टिकच्या बादल्या खोक्यात भरायचं काम करायचा. त्याआधी सतरा वर्षं तो मिलच्या साचेखात्यात माग चालवत होता. ब्याऐंशीचा संप झाला, मिल गेली, आणि हातात काही उरलं नाही तेव्हा त्याने पेन धरलं. व्याकरण त्याला येत नव्हतं. राग येत होता. ऐतिहासिक कादंबरीला तेवढं पुरतं.

पहिल्या भागात, म्हणजे 'सांजगडाची दिंडी'त, रायाजी नावाचा पहारेकरी ऐन वेढ्यात उपासमारीला कंटाळतो, तोंडावर शेला ओढून गडाच्या दिंडीने, म्हणजे चोरदरवाजाने, बाहेर पडतो आणि शत्रूच्या छावणीत जेवायला जातो. जाताना त्याचा जिवलग बहिर्जी त्याच्या तोंडावरचा शेला ओढतो, चेहरा बघतो, एक अक्षर बोलत नाही. शेला परत त्याच्या तोंडावर टाकतो. संपली कादंबरी.

लायब्रऱ्यांतून पुस्तक बरं फिरलं. चार बायकांनी पत्रं लिहिली की रायाजी पुढे जगला कसा. लगेच मार्तंडराव प्रकाशक म्हणाले, "परब, दुसरा भाग काढा. रायाजीला परत गडावर न्या. बहिर्जीसमोर उभा करा. रडू दे दोघांना. दिवाळीआधी हवंय."

सांगायला यांचं काय जातं. रायाजीला गडावर न्यायचा म्हणजे सहदेवला कुठे न्यायचा, हे मार्तंडरावांना माहीत नव्हतं. सुगंधाला माहीत होतं. संपाच्या आठव्या महिन्यात, पोलिसांच्या दोन रांगांमधून, मिलच्या दोन नंबर गेटाने तोंडावर टॉवेल टाकून जो माणूस कामावर गेला तो सहदेव. आणि ज्याने तो टॉवेल ओढला, बघितलं आणि परत टाकला, तो धाकू. एका खोलीत वाढलेले, एका साच्यावर काम शिकलेले. त्या दिवसापासून दोघे बोलले नाहीत. सहदेवने अकरा दिवस काम केलं. बाराव्या दिवशी मिल बंदच झाली. म्हणजे इमानही गेलं आणि पगारही.

दुसऱ्या भागाची दहा प्रकरणं त्याने सपासप लिहिली. अकराव्यात रायाजी गडाच्या पायथ्याशी आला आणि तीन आठवडे तिथेच बसला.

"चढत का नाही हो तो?" सुगंधाने विचारलं.

"घोडा दमलाय."

"घोडा मागच्या प्रकरणात मेला ना?" सुगंधा सगळं वाचायची. "असं करा. जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढा. तुमचं आणि धाकूभावजींचं. जुने कपडे त्यांना मागाहून घाला."

सहदेवने एका रविवारी बसून तसंच लिहिलं. धाकू, सहदेव, गेट, भोंगा, सगळं खरं. फक्त शेवटी एक गोष्ट त्याने आपल्या मनाची घातली. धाकू पुढे होतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "जा सहदेव. पोटापुढे कोण मोठा? माझा राग नाही." ते वाक्य लिहिल्यावर सहदेवला सहा वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोप लागली.

नावं बदलायची राहिली. प्रेसचा माणूस दारात उभा, म्हणून कागद तसेच दिले. म्हटलं, प्रुफावर बदलू. प्रुफं आली तेव्हा अकरावं प्रकरण उघडायला हात होईना. आठ दिवस ती प्रुफं तांदळाच्या डब्याखाली पडून होती. शेवटी प्रेसमधून तिसरा निरोप आला, तेव्हा सहदेवने एक ओळ न वाचता वर लिहिलं, 'छापायला हरकत नाही', आणि खाली सही ठोकली.

ती सही आता मालाडच्या प्रेसमध्ये शिवदास कंपोझिटर त्याच्या नाकासमोर नाचवत होता.

"ही कुणाची?"

"माझी. पण तुला दिसत नाही काय रे, सतराव्या शतकात युनियनचा बिल्ला कुठून आला?"

"मी खिळे जुळवतो. अर्थ जुळवत नाही. पहिल्या भागात तुमचा घोडा दोनदा मेला, तेव्हा बोललो मी काही?"

सहदेव प्रेसमधून निघाला. तो अंधेरीला मार्तंडरावांकडे गेला. मार्तंडराव राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर बसून पोहे खात होते. त्यांनी कादंबरी तोपर्यंत वाचली नव्हती. प्रकाशकाने सगळंच वाचायचं म्हटलं तर छापायचं कधी? आता त्यांनी ती आठ पानं वाचली. पोह्याची बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"बरोबर एक फर्मा आहे, आठ पानांचा," ते म्हणाले. "एकशे एकसष्ट ते एकशे अडुसष्ट. काढून टाकू."

"मग गोष्टीचं काय?"

"एकशे साठवर रायाजी गड चढतोय. एकशे एकोणसत्तरवर रडत उतरतोय. मध्ये काय झालं ते वाचकाला कळतं हो. सगळ्याच कादंबऱ्यांत तेच होतं."

सहदेवला संताप आला. त्या आठ पानांसाठी त्याने सहा वर्षं घातली होती, आणि ती नसली तरी पुस्तकाचं काही बिघडत नव्हतं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. धाकू पुस्तकवेडा. मिलमध्ये असताना सुट्टीत पुस्तक वाचत भाकरी खायचा. हे त्याच्या हातात पडलं तर? आणि त्यात ते वाक्य?

"गठ्ठ्यांतलं मी बघतो," मार्तंडराव म्हणाले. "लायब्रऱ्यांत चाळीस प्रती गेल्यात. त्या तुमच्या तुम्ही निस्तरा. सही तुमची आहे."

चार दिवस रजा टाकून सहदेव दाढीचं ब्लेड खिशात घालून लायब्रऱ्या हिंडला. अंधेरी, मालाड, कांदिवली. आपलंच पोर चोरून न्यावं तसा कपाटाआड उभा राहून आपलीच पानं कापायचा. मालाडला एका म्हाताऱ्याने त्याला पकडून मालकापुढे उभा केला. सहदेव म्हणाला, मीच लेखक. मालक म्हणाला, मग तर लाज वाटायला पाहिजे.

शेवटची लायब्ररी बोरीवलीची. वनमालाबाई तिच्या मालकीणबाई, टेबलामागून न उठता चार भिंती सांभाळणाऱ्या.

"ब्लेड ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "मालाडहून कळलंय मला सगळं. पानं फाडायला आमचे सभासद पुरेसे आहेत. आणि तुमचं पुस्तक आत नाहीच. बाहेर गेलंय."

"कुणाकडे?"

त्यांनी वही काढली. "एकशे बारा नंबर. धाकू मेस्त्री. रिक्षावाले आहेत, स्टेशनबाहेरच्या रांगेत असतात. पहिला भाग तीनदा नेला त्यांनी. दुसरा आला की सांगा म्हणून ठेवलं होतं. अहो, बसा, पाणी देऊ का?"

सहदेव बसला नाही. पुस्तक काल संध्याकाळी गेलं होतं. धंद्याच्या धावपळीत धाकूने एकशे साठ पानं वाचली नसतील, या एका आशेवर तो स्टेशनबाहेर आला. रांगेत सहावी रिक्षा धाकूची. धाकू खाली उतरून कुणाशी बोलत होता. पॅसेंजरच्या सीटमागच्या फळीवर, टायरच्या ट्यूबशेजारी, पुस्तक दिसत होतं.

आता या माणसाने सरळ जाऊन बोलावं की नाही? पण भीतीला अक्कल नसते. सहदेवने घाम पुसायचा टॉवेल डोक्यावरून घेतला, तोंडावर ओढला, कानामागे खोचला आणि रिक्षात जाऊन बसला.

"खय जाऊचा?" धाकू येऊन पुढे बसला.

"मालाड," सहदेव घसा बदलून म्हणाला.

रांग सोडून आपल्याच रिक्षात का बसला, हे धाकूने विचारलं नाही. त्याने मीटर पाडला आणि किक मारली. सहदेवने हात मागे नेला, पुस्तक मांडीवर घेतलं, ब्लेड काढलं. रस्ता म्हणजे खड्डे जोडून केलेली पट्टी. एका खड्ड्यात त्याने पान उघडलं, दुसऱ्यात ब्लेड लावलं, तिसऱ्यात ते अंगठ्यात घुसलं. चौथ्यात रायाजीच्या लग्नाचं पान रक्ताने भरलं.

"ती नाय," पुढून आवाज आला. धाकू आरशात बघत होता. "एकशे एकसष्टपासून आसत. तू भलतीच फाडतंस."

सहदेवचा हात थांबला. रिक्षा रस्त्याच्या कडेला, एका गुलमोहराखाली उभी राहिली. धाकू मागे वळला, हात लांब केला आणि सहदेवच्या तोंडावरचा टॉवेल ओढला. बघितलं. सहा वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच, फक्त आता केस पांढरे होते, दोघांचेही.

सहदेवने डोळे मिटले. आता टॉवेल परत तोंडावर पडणार, याची तो वाट बघत राहिला.

"वाचलंय मी," धाकू म्हणाला. "काल रातीच. दोनदा."

"धाकू, ते छापायचं नव्हतं रे. प्रुफं न वाचताच सही केली, चुकून..."

"चुका बऱ्याच आसत. आण हडे." त्याने पुस्तक घेतलं, शर्टाच्या खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. पान एकशे एकसष्टवर समासात खुणाच खुणा होत्या. "भोंगो सातचो नव्हतो. तिनाची पाळी होती. बिल्लो बरोबर. आणि ह्यो डबो. माझ्या हातात डबो दिलंस तू. आठव्या महिन्यात माझ्या घरात डब्यात घालूक काय होता?"

सहदेवने पानावर वाकून बघितलं.

"डबो तुझ्या हातात होतो, सहदेवा."

मागून एक बस हॉर्न देत गेली. सहदेवला आठवलं. पितळेचा डबा. सुगंधाने दुपारी उसनं पीठ आणून केलेल्या दोन भाकऱ्या. आत जाताना तो डबा त्याने पोटाशी धरला होता, धाकूला वास येऊ नये म्हणून. सहा वर्षांत टॉवेल तेवढा लक्षात राहिला. लिहिताना डबा त्याने कधी धाकूच्या हातात दिला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"आणि हे वाक्य," धाकूने पान उलटलं. तिथे पेन्सिलीने इतकं जोरात खोडलं होतं की कागद फाटला होता. "'माझा राग नाही.' ह्या मी कधी बोललंय? तू माका इचारलंस? कोणाच्याय तोंडात कायव घालशीत?"

"मनात होतं माझ्या."

"तुझ्या मनात. माझ्या नाय." धाकूने सहदेवच्या अंगठ्याकडे बघितलं. रक्त सीटवर ठिबकत होतं. "सीट खराब करतंस. हात कर पुढे."

त्याने टॉवेलची एक कड दातात धरून टर्रकन फाडली आणि पट्टी अंगठ्याला गुंडाळायला लागला. इतकी घट्ट की सहदेव कळवळला.

"माफी नाय हां ही," गाठ मारत धाकू म्हणाला.

"बरं."

"तिसरो भाग लिवतलंस?"

"मार्तंडराव सोडणार नाहीत."

"मग त्यात बहिर्जी माफ करूचो नाय."

"मग काय करेल?"

धाकूने विचार केला. मग उरलेला टॉवेल झटकून, नीट चार घड्या घालून, सहदेवच्या मांडीवर ठेवला.

"ता मी बघतंय. पण प्रुफा माझ्याकडे आणायची. तू वाचूक नाय काय नाय, सही करतंस." तो पुढे वळला, किक मारली. "आता बोल. खराच मालाडाक जाऊचा हा, की उगाच?"

"उगाच," सहदेव म्हणाला.

"माका ठावक होता," धाकू म्हणाला, आणि रिक्षा मालाडच्या दिशेनेच नेली. मीटर त्याने पाडलेला होता.