बोगद्यातला पिक्चर आणि पंचवीस सह्या

सुगतचा पिक्चर बघून एक तरी माणूस घाबरला पाहिजे, अशी अट होती. अट घालणारे त्याचे वडील होते, आणि ते अट घालून विसरणाऱ्यांतले नव्हते. ग्यानोबा केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. शाळांना भेटी देऊन शेरे लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि पट्टीनं चार रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, अभिप्राय, सही.

"भीतीचा पिक्चर म्हणतोस ना? मग कोणीतरी भ्यायला पायजे," ते म्हणाले. "पंचवीस माणसं बसव. त्यातलं एक जरी भ्यालं, तर खुशाल पुण्याला जाऊन पिक्चरचं शिक. न्हाई तर पुढच्या सोमवारी लातूर. स्पर्धा परीक्षेचा क्लास."

सुगतला अट सोपी वाटली. पिक्चर अडतीस मिनिटांचा, मोबाइलवर काढलेला आणि सगळा जमिनीखाली घडणारा होता. मुदखेडच्या अलीकडे, रुळाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या त्यांच्या सावळवाडीत रुळाखालून एक बोगदा होता. पावसाळा सरून दोन महिने झाले तरी त्यात पाणी साचलेलं, दिव्याचा पत्ता नाही, आणि माणसं कडेच्या कट्ट्यावरून भिंतीला घासत ये-जा करायची. भुताला याहून चांगली जागा तालुक्यात सापडली नसती. पिक्चरमध्ये नट दोनच, सुगत आणि स्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला त्याचा मित्र कलीम. एक पडद्यावर असला की दुसऱ्यानं मोबाइल धरायचा. हडळीचं कामही कलीमनंच केलं होतं, मिशी पदराआड लपवून.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची : 'हे चित्रण बोगद्यात सापडलेल्या मोबाइलमधलं आहे. चित्रण करणारे दोन तरुण आजतागायत बेपत्ता आहेत.' हे लिहून झाल्यावर सुगतच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला होता.

रविवारी दुपारी तीनला विहाराच्या हॉलमध्ये खिडक्यांना ताडपत्री लावून पिक्चर सुरू झाला. अक्षरं आली. हॉल चिडीचूप झाला.

"बेपत्ता कोण?" मागून सरजाबाई म्हातारीनं विचारलं.

"सुगत अन् कलीम, आजी."

"कलीम तर चहा वाटून राहिला की."

कलीम खरोखरच चहा वाटत होता. सगळ्या हॉलनं वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं ट्रे सांभाळत सगळ्यांना आदाब केला. तिथंच पिक्चरची अर्धी भीती गेली. उरलेली हडळ आल्यावर गेली, कारण ती अंधारातून पुढे येताच बायकांच्या बाजूनं आवाज आला, "अगं, ही तर महामायाची साडी! परवा बारशाला नेसली व्हती." सुगतची आई महामायाबाई पदर सावरत म्हणाली, "भिजवून आणली मेल्यांनी. इस्त्री पण जळली तिच्यावर." मग बराच वेळ साडीवरच चर्चा झाली. पहिल्या रांगेत ग्यानोबा तेवढे हाताची घडी घालून खुर्चीत ताठ बसून होते.

पिक्चर संपल्यावर वही फिरली. सुगतनं घरी येऊन ती उघडली. एकानं लिहिलं होतं, 'चित्रपट पाहिला. बोगद्यात पाणी आढळून आले. तात्काळ उपसा व्हावा.' दुसऱ्यानं, 'वरीलप्रमाणे.' त्याच्याखाली सात जणांनी 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं. सरजाबाईंनी सांगून लिहवलं होतं, 'हडळीने केस विंचरावेत. कट्टा रुंद करावा.' पिक्चर खरा वाटावा म्हणून मोबाइल मुद्दाम हलवत धरला होता. पण त्याचा अर्थ कलीमच्या आजीनं, जन्नतबीनं, वेगळाच लावला होता. "लड़के का हात कित्ता हिलरा! उसकू कुछ खिलाव पिलाव," असं ती म्हणाली होती आणि कुणीतरी ते मराठीत करून लिहिलं होतं, 'मुलास अशक्तपणा आहे. शेवग्याच्या शेंगा द्याव्यात.' चोवीस अभिप्राय, चोवीस सह्या. पंचविसावी ओळ ग्यानोबांची होती आणि तीत नुसती सही होती.

"भ्यालं का कोणी?" ग्यानोबांनी विचारलं.

"न्हाई," सुगत म्हणाला. आणि माळ्यावरून बॅग काढायला गेला.

प्रकरण इथं संपायला हरकत नव्हती. पण गावात शेषेराव होते. शेषेरावांना निवेदन देण्याचा नाद होता. एखाद्या साहेबाच्या टेबलाच्या अलीकडे स्वतः, पलीकडे साहेब, मधे कागद, असे त्यांचे कितीतरी फोटो पेपरात आले होते. त्यांची अडचण एकच, सह्या मिळत नसत. सोमवारी ते चहाला आले, टेबलावरची वही चाळली, आणि त्यांचे डोळे पाणावले. एकाच विषयावर पंचवीस सह्या, त्याही आखलेल्या रकान्यात!

"सुगत बाळा, ही वही अन् पिक्चरचा पेनड्राइव्ह दोन दिवस दे. लोकांचे अभिप्राय झेरॉक्स करून ठेवतो. कामाला येतेत," ते म्हणाले. आपल्या पिक्चरची कुणाला तरी किंमत वाटली, म्हणून सुगतनं दोन्ही वस्तू पिशवीत घालून दिल्या.

गुरुवारी दुपारी कलीमच्या दुकानासमोर एक जीप थांबली. मागच्या ट्रॉलीवर मोटर, पाइप, दोराची वेटोळी आणि चार मजूर. जीपमधून उतरलेल्या रेल्वेच्या अभियंता साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"इथं कलीम नावाचा मुलगा होता म्हणे. कसा होता हो?"

"चांगला व्हता," कलीम म्हणाला, मग घाईनं सावरून, "म्हणजे हाय. मीच."

साहेब खालीच बसले. कलीमनं त्यांना पाणी पाजलं, धरून सुगतच्या घरी आणलं आणि दुसरा बेपत्ता तरुणही दाखवला. तो ओसरीवर बॅगेत सदरे भरत होता. साहेबांनी खिशातून घामानं ओला झालेला कागद काढला. निवेदनाची पहिलीच ओळ होती, 'सदर बोगद्यातील पाण्यात दोन तरुण बेपत्ता झाले असून सोबत चित्रण व पंचवीस साक्षीदारांच्या सह्या जोडल्या आहेत.'

शेषेरावांना बोलावणं गेलं. ते वही काखेत मारून, इस्त्रीच्या कपड्यांत आले. फोटो निघेल अशी त्यांना आशा होती.

"शेषेराव, पोरं बेपत्ता हायेत म्हणून लिहिलंत?" ग्यानोबा कडाडले.

"मी पदरचं एक अक्षर लिहिलं न्हाई, गुरुजी. पडद्यावर जे आलं तेच उतरून काढलं. अर्जात पुराव्याबाहेरचं लिहायचं नसतं."

यावर तीस वर्षं अर्ज वाचलेल्या ग्यानोबांनी निवेदन पुन्हा वरपासून वाचायला घेतलं. तेवढ्यात रुळाकडून मोटरचा आवाज येऊ लागला. मजुरांनी कुणाचीही वाट न बघता उपसा सुरू केला होता. एवढ्यात सुगतच्या डोक्यात उजेड पडला आणि तो सदरा टाकून उठला.

"बाबा, साहेबांचा चेहरा बघा! घाम बघा! माझा पिक्चर बघून माणूस भ्याला!"

"डबा तसाच राहिला माझा," साहेबांनी कबूल केलं. "तशीच ट्रॉली जोडायला सांगितली."

ग्यानोबांनी चष्मा लावला. माणूस कडक, पण तपासणीत कधी अन्याय केलेला नव्हता. "साहेब, नीट आठवून सांगा. निवेदन वाचून भ्यालात का हडळ बघून?"

सुगतनं डोळे मिटले.

"हडळ?" साहेब म्हणाले. "हडळ पण आहे का त्यात? मी पाणी दिसलं तिथंच बंद केलं हो."

सुगत मुकाट्यानं खाली बसला आणि उरलेले सदरे भरू लागला. निवेदन जिंकलं, पिक्चर हरला. शेषेरावांनी साहेबांच्या शेजारी उभं राहून कलीमला फोटो काढायला सांगितला. सुगतला खरोखर रडू येत होतं, पण सदऱ्यांच्या घड्या घालण्यात ते लपलं.

चहाचे कप गोळा करायला आलेली महामायाबाई हे सगळं बघत होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"एक विचारू?" ती नवऱ्याला म्हणाली. "सोमवारपास्नं तुम्ही शेताला फाटकावरून काहून जायलात? बोगद्यातून पाच मिनिटं लागतेत. फाटकावरून अडीच किलोमीटर."

"चालणं चांगलं असतं," ग्यानोबा म्हणाले.

"गुडघे दुखतेत म्हणून रोज मलम चोळून घेता माझ्याकडून."

सगळ्यांनी ग्यानोबांकडे पाहिलं. साहेबांनीसुद्धा मान वळवली.

"बाबा, तुम्ही हडळीला भ्यालात?" सुगतनं हळूच विचारलं.

"हडळ गेली खड्ड्यात!" ग्यानोबा एकदम ओरडले आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "तू छातीएवढ्या पाण्यात उभा व्हतास. मोबाइल हालत व्हता, तू दिसेनासा व्हायचास, पुन्हा दिसायचास. तुला पोहता येत न्हाई रे. मला ठावं व्हतं तू माझ्या मागं चहा पिऊन राहिलास, तरी छातीवरची हाताची घडी सुटली न्हाई माझी. त्या अंधारात पाय ठेववत न्हाई मला."

सुगतनं हातातला सदरा तसाच धरून ठेवला. ग्यानोबांनी शेषेरावांच्या काखेतली वही ओढून घेतली, पंचविसावी ओळ काढली आणि सहीच्या अलीकडे सावकाश लिहिलं, 'भ्यालो.' मग टोपण लावून पेन खिशाला अडकवला.

"जा पुण्याला. अट म्हणजे अट," ते सुगतकडे न बघता म्हणाले. "पण पुढला पिक्चर जमिनीखाली न्हाई. वर घराच्या माळवदावर काढ."

"काढू द्या," महामायाबाई ट्रे उचलत म्हणाली. "म्हणजे माळवदावरची वाळवणं पण मलाच काढाय लागतील."