हंबीररावांचा क्ष

लेकीच्या, बाळाबाईच्या लग्नात मुलाकडच्या पुरुषांना फेटे द्यायचे, एवढंच चिमणाबाईंनी नवऱ्याला सांगितलं होतं. पण नवरा पडला सयाजी मास्तर. कोल्हापुरात महाराजांनी शाळा वाढवल्या, तशी मास्तरांची बीजगणिताची हौसही वाढली होती. कुणी साधं वाक्य बोललं, तरी ते क्षमध्ये मांडल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

"फेट्याला कापड किती लागतंय?" त्यांनी कापडवाल्या फक्रुद्दीनला विचारलं.

"डोस्क्याच्या घेराच्या पंधरापट. वर मागं सोडायच्या शेमल्याला दोन हात."

"म्हंजे पंधरा क्ष अधिक दोन!" मास्तर खुलले. "क्ष म्हंजे घेर. आता कुठलंबी डोस्कं येऊ द्या की!"

मुलाच्या गावी, मुरगूडला माणूस पाठवून त्यांनी पाहुण्यांच्या डोक्यांची मापं दोऱ्यांवर आणवली. मुलीकडचे शिकलेले आहेत, असेल काहीतरी रीत, म्हणून पाहुण्यांनीही निमूट डोकी पुढे केली. फक्रुद्दीनने ज्याच्या त्याच्या डोक्याप्रमाणे कापड फाडलं.

लग्नादिवशी मांडवात फेटे बांधायला सुरुवात झाली. व्याही हंबीरराव म्हणजे मिशा झुपकेदार, आवाज पहाडी आणि डोकं नारळाएवढं. त्यांचा फेटा बघता बघता आटोपला. शेजारी त्यांचा गाडीवान जोतीराम बसला होता. त्याचं डोकं चांगलं कोहळ्याएवढं. त्याचा फेटा काही संपेना. सगळा मांडव तिकडेच बघू लागला.

"मास्तर," हंबीरराव गरजले, "माज्या गाडीवानाचा फेटा माज्यापरास लांब?"

"पावणं, रीत समद्यांना एकच हाय. तुमचा क्षच बारका, त्याला मी काय करू?"

वाजंत्री थांबली. हंबीररावांनी पायताण शोधायला सुरुवात केली. अक्षता वाटून झालेल्या, पोर बाशिंग बांधून बसलेली. आता वऱ्हाड परत गेलं तर तिला तोंड काय दाखवायचं?

"अवं, मानाचं कापड कुठं धरलंय तुमी?" चिमणाबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या.

मास्तरांना चूक उमगली. समीकरणात एक पद राहिलंच होतं.

"थांबा व्याही! पंधरा क्ष अधिक दोन, अधिक म. म म्हंजे मान."

"किती धरलाय?"

"तुमीच सांगा की."

हे मात्र त्यांनी बोलायला नको होतं.

"जोतीरामाच्या फेट्याच्या दुप्पट भरला पायजे! मुलाचा बाप हाय मी. कुनाफुडं वाकनार न्हाय!"

कापडाचं ठाण संपलेलं. मास्तरांनी स्वतःचा फेटा उतरवला, मग मेहुण्याचा, मग भावाचा. फक्रुद्दीनने टाके घातले. मुलीकडचे सगळे बोडके झाले आणि हंबीररावांच्या डोक्यावर जणू धान्याची कणगी उभी राहिली. लग्न लागलं. मास्तरांना इतकं बरं वाटलं, की त्यांचे डोळेच भरून आले.

मग पाहुणे जेवायला घराकडे निघाले. दारात चिमणाबाई पंचारती घेऊन उभ्या होत्या. दार मास्तराच्या घराचं, उंचीला बेताचं. हंबीररावांनी सरळ जाऊन पाहिलं, कडेने जाऊन पाहिलं. आतून मटणाचा वास येत होता. शेवटी फेटा दोन्ही हातांनी धरून ते कमरेत पार वाकले, थेट विहीणबाईंच्या पायांपर्यंत.

"असू द्या, असू द्या व्याही," चिमणाबाई म्हणाल्या. "एवढं कशाला?"

मागून जोतीराम ताठ आत गेला आणि पहिल्या पाटावर बसला.