मध्यइंजिनी रथाच्या रिकाम्या आसनाची हकीगत

श्री ग्रामदेवता कृपावंत असो. रत्नागिरी शहरी, मारुती मंदिराचे चौकापासोन हाकेच्या अंतरावर, नितेश यांचे शीतपेयांचे दुकानासमोर, शहाणे लोकांत जे घोर युद्ध जाहले त्याची हकीगत पुढील पिढ्यांस कळावी, आणि एवढे मोठे शहाणपण एके जागी जमले असता काय होते हे ध्यानी यावे, म्हणोन यथामती लिहिली. लिहिणाराने कोणाची भीड धरली नाही. धरावी ऐसे त्यांत कोणी नव्हते.

तर सदरहू दुकानासमोरील बाकावर रोज दिवेलागणीस मोटारशास्त्री मंडळींचा दरबार भरे. दरबाराचे मुख्य सलिलपंत. हे पतपेढीतील कारकून, परंतु मोटारविद्येत त्यांची द्वाही अखिल तालुक्यांत फिरलेली. कोणी मोटार घेणार तर आधी पंतांचा सल्ला घेई, आणि मग बायकोचे ऐकोन दुसरीच घेई, आणि तरी पंतांचा मान तिळमात्र ढळत नसे. पंतांची खासगत स्वारी म्हणजे एक जुनी लहान मोटार. तिचा डावा दरवाजा आतून उघडत नसे, म्हणोन कबिला उमाबाई यांस उतरणे जाहले की पंत स्वतः खाली येऊन, वळसा घालोन, बाहेरून दरवाजा उघडीत, आणि पाहणारे म्हणत की नवरा असावा तर ऐसा अदबीचा.

पंतांचा पक्ष एकच, आणि तो त्यांनी दहा-बारा वर्षे निष्ठेने चालविला. तो ऐसा की, इंजिन पुढे असणे हे गाढवपणाचे, अगदी शेपटास असणे हे धोक्याचे, आणि आसनाचे पाठीशी, चारही चाकांच्या मधोमध असणे हेच खरे. ऐसा रथ पंतांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. फोनवर मात्र इतका पाहिला होता की जेवताना उमाबाई त्यांचे पुढ्यातले ताट उचलोन नेत तरी कळत नसे. मध्यइंजिनी रथ वळणावर कैसा वळतो हे पंत हाताने करून दाखवीत, आणि त्या हातवाऱ्यांत आजवर कित्येकांचे सरबताचे पेले कामास आले.

पंतांचे मुख्य गनीम श्रीपतराव बागायतदार. कलमे बाळगून असलेले, पांढऱ्या टेंपोचे धनी, आणि वाचनाचे पूर्ण वैरी. यांचे मत की बैल गाडीपुढे जुंपतात, बैठकीखाली बांधीत नाहीत, आणि ज्यास हे कळत नाही त्याने पतपेढीत व्याज मोजावे. या एका मुद्द्यावर उभय सरदार इतकी वर्षे रोज लढत आणि रोज जिंकत. दोघांपैकी कोणीही कधी हरल्याचे दरबारात कोणास आठवत नाही.

ऐसे सुखाने चालले असता, ऐन हंगामात, विनीतराव मुंबईहून रत्नागिरीस दाखल जाहले. हे पंतांचे शाळासोबती. शाळेत गणितास पंतांचे पाहोन लिहीत, आणि मग मुंबईस जाऊन इतके कमावते जाहले की तेव्हापासोन पंत त्यांचे पाहात राहिले. विनीतराव आले ते नवाकोरा पिवळाधमक मध्यइंजिनी रथ घेऊन आले. रथ इतका बसका की दुकानासमोर थांबला तेव्हा बाकावरच्या मंडळींस वाकोन आत पाहावे लागले, आणि पंत जे वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. कोणी म्हणतात डोळ्यांत पाणी होते. पंत म्हणतात धूळ होती.

येण्याचे कारण ऐसे की विनीतरावांच्या आत्या सगुणाबाई यांची लेक नम्रता हीस यंदा कोल्हापुरास दिली. लेकीच्या सासरी पहिले वर्षी हापूसची पेटी माहेरच्या माणसाने स्वहस्ते पोचती करावी हा दस्तूर, आणि भाचा रथ घेऊन येतच आहे तर त्याचेच हस्ते पाठवावी ऐसी आत्याबाईंची मसलत.

आता रथास आसने दोन. एकावर विनीतराव, दुसरे रिकामे. हे रिकामे आसन पाहाताच दरबारात ऐसी शांतता जाहली की नितेश यांस वाटले वीज गेली. मग विनीतरावांनी हसत हसत फर्मान काढिले की, उद्या सकाळी कोल्हापूर, आंबा घाटाने. पंत आणि श्रीपतराव या दोघांपैकी ज्याचे म्हणणे रथापाशी खरे ठरेल तो शेजारी बसेल, आणि येताना एस्टीने येईल. विनीतरावांस ही थट्टा होती. सलिलपंतांस नव्हती. पंतांनी रातोरात पोटदुखीचे निमित्त लिहोन पतपेढीस रजा कळविली, उमाबाईंकडोन सदऱ्यास इस्त्री करविली, आणि वाटेत दोघांस पुरतील इतके दडपे पोहे डब्यात भरोन घेतले. लग्नाच्या दिवशी पंत इतके लवकर उठले नव्हते, हे उमाबाईंनी स्वतः सांगितले.

दुसरे दिवशी सकाळी आत्याबाईंचे अंगणात उभय सैन्ये समोरासमोर आली. म्हणजे पंत आले आणि श्रीपतराव आले. बाकीचा दरबार पोटापाण्याचे मागे गेला होता. आत्याबाईंचा हुकूम सुटला की पूजा जाहल्यावाचून पेटी गाडीस लागणार नाही. श्रीपतराव वडील मनुष्य, आणि आत्याबाईंचे शेजारी, म्हणोन त्यांनीच रथाचे पुढील झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक काढिले, हार घातला, चाकांखाली लिंबे ठेविली, नारळ फोडिला, आणि इंजिनास उदंड आयुष्य मागोन तीर्थ त्याच झाकणावर शिंपडिले. तेव्हा पंत पुढे सरसावोन म्हणाले की, राव, आपण ज्याची पूजा केलीत ते उघडोन पाहावे. विनीतरावांनी झाकण उघडिले. आत एक उथळ कप्पा, त्यात विनीतरावांची पिशवी, आणि पिशवीवर वाळत घातलेली गंजी.

आत्याबाई पदर तोंडास लावोन घरात गेल्या. दुसरा कोणी असता तर तेथेच शस्त्र ठेविता. परंतु श्रीपतराव कोकणचे. त्यांनी सांगितले की इंजिन जागेवर नाही हा पूजेचा दोष नव्हे, गाडीचा आहे, आणि इंजिन कोठेही कोंबले तरी सामान मागेच जाते. खरोखरच रथाचे शेपटाशी, इंजिनाचे पलीकडे, एक कप्पा होता, आणि पेटी त्यात मापून केल्यासारखी बसली. पुढील कप्प्यात ती शिरेना. मग पंतांनी कळकळोन अर्ज केला की इंजिन पाठीशी ते त्या कप्प्यास भिडोन आहे, तेथे भट्टीसारखे तापते, आंबे टिकणार नाहीत, हे आपण कैक वेळा वाचिले आहे.

श्रीपतराव म्हणाले, "अरे सलिल, उकडतं तुला नि मला. आंब्याला काय उकडायचंय? मध्ये पत्रा आहे ना!"

यावर पैज पक्की जाहली. आंबे शाबूत राहिले तर आसन रावांचे, बिघडले तर पंतांचे, आणि हरणाराने आपले पदरची पेटी भरोन द्यावी. आत्याबाईंस यातले काही कळविले नाही. एवढी अक्कल मात्र दोघांसही सारखीच होती.

मग विनीतराव पेट्रोल भरावयाचे निमित्ताने पेटीसह हातखंब्याकडे रवाना जाहले. तिकडे वाहनांची रांग लागलेली, वर वैशाखाचे ऊन, आणि रथ मुंगीच्या पावलाने सरकत इंजिन घुमवीत राहिला. इकडे अंगणात दोन्ही सरदार कुंपणाचे चिऱ्याच्या गडग्यावर शेजारी शेजारी बसोन राहिले. पंत एकसारखे सदऱ्याची इस्त्री सांभाळीत होते. मनात त्यांनी आंबा घाट आरंभापासोन अखेरपर्यंत चढोन पाहिला, आणि मग पुन्हा आरंभापासोन.

रथ परतला तेव्हा आधी वास आला. पेटी उघडिली तो पेंढा कोमट, आणि पेंढ्यातील हापूस, जे कोल्हापुरी जाऊन आठवड्याने पिकावयाचे, ते इंजिनाचे कडेस पार उकडोन साल सोडू लागलेले. पंतांनी एक आंबा उचलिला, त्यास बोट लाविले, बोट आत गेले, आणि पंतांचे मुखावर जे तेज आले ते वर्णन करणे लेखणीचे बाहेर आहे. दहा-बारा वर्षांत पंतांचा शब्द प्रथमच खरा ठरला होता, आणि तोही आंबे नासोन.

इतक्यात आत्याबाई बाहेर आल्या. त्यांनी पेटी पाहिली, मग तिघांस पाहिले. म्हणाल्या, "मेल्यांनो, पेटी पोचवायला दिली होती, पन्हं करायला नाय!" आणि उकडलेले आंबे परातीत काढोन खरोखरच पन्हे करावयास घेतले, कारण त्या घरी काही वाया जात नसे.

श्रीपतराव बोलीचे पक्के. टेंपो नेऊन त्यांनी आपले बागेतील निवडक फळाची दुसरी पेटी आणोन उभी केली आणि मान खाली घातली. पंतांनी पोह्यांचा डबा उचलिला आणि रथाचे डावे अंगास जाऊन उभे राहिले. दरवाजा आतून-बाहेरून दोहींकडोन उघडत होता.

तेव्हा आत्याबाईंनी विचारिले की, ही पेटी आता ठेवणार कोठे?

या प्रश्नाचा विचार अखिल मोटारविद्येत कोणी केला नव्हता. मागे ठेवावी तर पंतांनीच ते अशक्य म्हणोन सिद्ध केले. पुढे शिरत नाही. पंतांनी घाईने मसलत मांडिली की आंबे सुटे काढोन पुढील कप्प्यात पसरावे. आत्याबाईंनी नुसते पाहिले. "व्याह्यांच्या दारात सुटे आंबे ओतू? बाजारातनं आणल्यासारखे?" पंतांची ती मसलत तेथेच मेली. मग पंत म्हणाले की आपण पेटी मांडीवर घेऊन बसतो, थेट कोल्हापुरापर्यंत, पाय मोडले तरी हरकत नाही. हे मात्र त्यांनी मनापासोन म्हटले.

म्हणोन प्रयोग जाहला. सलिलपंत मध्यइंजिनी रथात प्रथमच बसले. आसन खोल, पाठीस चामड्याचा गारवा, आणि मग मांडीवर पेटी आली. पेटीची फळी नाकाशी टेकली, समोरचे काही म्हणता काही दिसेना. दरवाजा लागेना. विनीतरावांनी लोटला, श्रीपतरावांनी लोटला, तरी लागेना. पंतांस उमगले की आपणांस उतरावे लागणार. फळीआडोन त्यांचा आवाज आला.

"विनीत, एकदा चालू कर ना. नुसतं चालू कर."

विनीतरावांनी चालू केले. गुरगुर पंतांचे पाठीतून उठली, मानेपाशी आली, आणि कानांमागे जाऊन राहिली. पंत दहा-बारा वर्षे बाकावर जैसे सांगत आले, अगदी तैसेच. पंतांनी डोळे मिटले. पेटीवर ठेवलेली बोटे हळूच डावीकडे झुकली, मग उजवीकडे, जणू घाट लागला आहे. एरवी हसण्याची संधी न सोडणारे श्रीपतराव गडग्याकडे तोंड करून उभे राहिले.

"पुरे झालं हो सलिल," आत्याबाई म्हणाल्या. "उतर आता. उन्हं चढली, पोरगी वाट बघत असेल."

पंत उतरले. पेटी त्यांनीच आसनावर ठेविली, त्यांनीच तिजवरून पट्टा ओढोन कुलूप लाविले, हलवोन खात्री केली, आणि अदबीने दरवाजा लोटला. त्याचा त्यांस सराव होता. विनीतरावांस वाटेत भूक लागेल म्हणोन आत्याबाईंनी पंतांचे हातातील डबाही काढोन आत दिला. मग रथ गल्लीचे वळणावर इतका सुरेख वळला की खुद्द श्रीपतराव म्हणाले, वळते हो बरी. पंतांनी मान हलविली. मग दोघे सरदार ओटीवर बसोन उकडल्या हापूसचे पन्हे प्याले. पन्हे उत्तम जाहले होते.

दुसरे दिवशी दिवेलागणीस दरबार तुडुंब भरला. पंतांनी आसनाचा गारवा वर्णिला, पाठीतून उठणारी गुरगुर वर्णिली, आणि त्यात खोटे एक अक्षर नव्हते. मग संदेश नामे एका मूर्खाने विचारिले, "आणि आंबा घाटात? वळणावर कशी गेली?" पंतांचा हात वळण दाखवावयास उचलला गेला आणि अधांतरी राहिला. दरबार हाताकडे पाहात राहिला. खरे काय ते एकटे श्रीपतराव जाणोन होते, आणि गनिमास कायमचे गारद करण्याची ऐसी वेळ त्यांस जन्मात पुन्हा मिळणार नव्हती.

श्रीपतराव म्हणाले, "अरे, त्याला काय विचारतोस? परवापासनं पोटात दुखतंय त्याच्या. रजा नव्हती का टाकली? नितेश, त्याला एक सोडा दे."

येणेप्रमाणे मध्यइंजिनाचा पक्ष रत्नागिरीचे भूमीवर सिद्ध जाहला, पुढील इंजिनाचे अभिमानी नामोहरम होऊन एक पेटी दंड भरते जाहले, पेटी आसनारूढ होऊन आंबा घाटाने कोल्हापुरी सुखरूप पोचली, आणि व्याह्यांनी आंबे नावाजले. ही फत्ते सलिलपंतांची, म्हणोन त्यांचेच नावे नोंदली असे. जेत्याने सोडा घेतला, हात खाली घेतला, आणि गनिमाशेजारी बाकावर सरकोन बसला.